स्टीम हीटिंगचे जुने रेडिएटर काढून बेसबोर्ड लावले तर चालेल का?

(प्रश्नकर्त्याने न्यू जर्सीत शंभर वर्षं जुनं घर घेतलंय. वन-पाइप स्टीम हीटिंग आहे. बिडाचे रेडिएटर जागा खातात म्हणून त्यांच्या जागी तांब्याचे बेसबोर्ड, म्हणजे भिंतीलगत बसणाऱ्या लांब, बुटक्या हीटर-पट्ट्या, लावायचा विचार आहे.)

नाही. वन-पाइपला तर अजिबात नाही. मी स्वतःच्या डायनिंग रूमवर हा प्रयोग करून बसलोय.

आमचंही घर १९२० च्या दशकातलं. दिवाळीला साडूभाऊ आले. त्यांचं घर नवं, तिथे गरम पाण्याचे बेसबोर्ड. आमच्या रेडिएटरवर टिचकी मारून म्हणाले, "हे भंगार अजून ठेवलंयस? काढ, भिंतीलगत पट्टी मार. कपाट तरी नीट बसेल." बायकोला ते पटलंच. दोन प्लंबरांनी नाही म्हटलं, तिसरा हो म्हणाला. त्याला काम दिलं.

नोव्हेंबर संपता संपता खरी थंडी पडली. आई सांगलीहून आलेली. पहाटे साडेचारला बॉयलर पेटला आणि थोड्याच वेळात भिंतीतून ठण्, ठण्, ठणाण! आई शाल गुंडाळून आमच्या दारात. "अरे, खाली कोण घण घालतंय?" मी आधी बेसमेंटात धावलो. वर येऊन बघतो तर बेसबोर्डच्या टोकाचा एअर व्हेंट हवा सोडायच्या ऐवजी पाणी थुंकतोय आणि लाकडी फरशीवर तांबूस डबकं.

वन-पाइपमध्ये ज्या पाइपातून वाफ वर येते त्यातूनच तिचं पाणी खाली परत जातं. बिडाच्या रेडिएटरच्या पोटात दोघांनाही जागा असते. पाऊण इंची तांब्याच्या नळीत ती नसते. पाणी तुंबतं, मागून आलेली वाफ त्याचा गोळा उचलून बेंडवर आपटते. आईने ऐकला तो घण हाच. फोनवर साडूभाऊंचा सल्ला, "प्रेशर वाढव." म्हणजे आणखी जोरात आपटेल! आपला कुकर साधारण १५ पीएसआय (दाबाचं माप) झाले की शिट्टी देतो. घरभरचा हा सगळा पसारा २ च्या आत चालायचा असतो, आमचा दीडवर आहे.

दुसरं म्हणजे उष्णता. बॉयलर बंद झाला की ती पट्टी पाच मिनिटांत गार. बाकी खोल्यांतलं बीड तासभर ऊब धरून बसलेलं. आणि त्या खोलीत थर्मोस्टॅट असला तर विचारूच नका, पट्टी गार झाली की तो बॉयलर पुन्हा पेटवणार आणि बाकी खोल्या भाजून निघणार. आई त्या रेडिएटरशेजारी दही लावायची, उन्हाळ्यात सांगलीत लागतं तसं घट्ट. ते गेलं ते गेलंच.

सगळे रेडिएटर एकदम काढले तर बॉयलरचंही गणित फिसकटतं. स्टीमचा बॉयलर रेडिएटरांच्या एकूण क्षेत्रफळावरून निवडतात, चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णतेचं माप) धरून. रेडिएटर कमी झाले की तो मोठा पडतो, सारखा पेटतो नि विझतो.

शेवटी मार्चमध्ये बेसबोर्ड काढला. आमचा रेडिएटर तोवर भंगारात गेलेला, म्हणून जुन्या सामानाच्या वखारीतून तशाच मापाचा शोधला. चौघांनी उचलून आणला, कमरेचा अजून हिशेब लागतोय.

तुमचे रेडिएटर ठोकत असतील तर आधी व्हॉल्व्हच्या उलट बाजूच्या पायांखाली पातळ पाचर घाला, म्हणजे पाणी व्हॉल्व्हकडे उतरेल. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नको. एअर व्हेंट बदलायला फार खर्च येत नाही. बेसमेंटातल्या पाइपांवरचं जुनं पांढरं वेष्टन मात्र हाताने ओरबाडू नका, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

हो, टू-पाइप असेल, म्हणजे वाफेला एक आणि परतीच्या पाण्याला दुसरा पाइप, तर गोष्ट थोडी वेगळी. बिडाचे बेसबोर्डही मिळतात, पण ते स्टीम जाणणाऱ्यालाच विचारून. सगळं घर गरम पाण्यावर न्यायचं असेल तर तिथे दाब १२ पीएसआयच्या पुढे असतो, आज कोरडे दिसणारे जुने सांधे तेव्हा गळायला लागतात. शिवाय काही रेडिएटरांचे भाग फक्त खालून जोडलेले असतात, ते पाण्याला चालत नाहीत.

साडूभाऊ अजून म्हणतात, प्लंबरने उतार चुकवला. उतार बरोबर होता. ते डबकं पुसून झाल्यावर मी स्वतः पाणसळ लावून बघितला होता.