नऊ सीटवाला सगळ्यांना कसा काय नाचवतो?

प्रश्न : जेवढी मतं तेवढ्या सीट हे प्रपोर्शनल पद्धतीचं तत्त्व पटतं, पण मग निकालानंतर एखादा चिल्लर पक्षच सरकार कुणाचं ते ठरवतो, आणि ती सरकारं टिकत पण नाहीत म्हणे. यात मतदाराचं काय भलं?

उत्तर : ठरवतो हे खरंय, पण छोटा असतो म्हणून नाही, त्याला दोन्हीकडं जाता येतं म्हणून. न्यूझीलंडचं 2017 बघा. एकूण 120 सीट, त्यात नॅशनल 56, लेबर 46, न्यूझीलंड फर्स्ट 9 आणि ग्रीन 8. फर्स्टचे विन्स्टन पीटर्स जवळपास महिनाभर दोघांशी बोलणी करत बसले आणि शेवटी गेले लेबरकडं, म्हणजे पहिल्या नंबरचा पक्ष विरोधात, जसिंडा आर्डर्न पंतप्रधान आणि पीटर्स स्वतः उपपंतप्रधान प्लस परराष्ट्रमंत्री. ग्रीनची फर्स्टपेक्षा एकच सीट कमी होती आणि त्यांच्याशिवाय पण लेबरचं गणित जुळत नव्हतं, तरी त्यांच्या वाट्याला आली ती कॅबिनेटबाहेरची मंत्रिपदं, कारण ते नॅशनलकडं जाणार नाहीत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, मग भाव कोण देणार! मतदारानं काय केलं म्हणाल तर 2020 ला पीटर्स यांचा पक्ष 5 टक्क्यांची अट न गाठल्यानं संसदेतूनच बाहेर गेला.

ही किमान टक्क्यांची अट, म्हणजे तेवढी मतं नसतील तर सीटच नाही, लय महत्त्वाची, लोक तिकडं बघतच नाहीत. इस्रायलमध्ये ती 3.25 टक्के आहे, 2022 ला नेतान्याहूंच्या विरोधातला मेरेट्झ हा डावा पक्ष 3.16 वर अडकला आणि सीट शून्य, तिकडं नेतान्याहूंच्या गटाला 120 पैकी 64. नेदरलँड्समध्ये अशी वेगळी अट नाही, 150 पैकी एका सीटपुरती मतं मिळाली की झालं, त्यामुळं पक्षच पक्ष आणि 2021 च्या मार्चमधल्या निवडणुकीनंतर सरकार यायला 2022 चा जानेवारी उजाडला.

बरं, बिनयुतीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये, जिथं प्रपोर्शनल पद्धत नाही, 2024 ला लेबरनं 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 411 सीट घेतल्या. मला विचाराल तर त्यापेक्षा ती महिनाभराची घासाघीस परवडली, निदान कुणी काय सोडलं ते करारात लिहिलेलं तरी असतं.

राहिलं टिकण्याचं, तर जर्मनीत नुसता अविश्वास ठराव आणून चॅन्सलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, पाडता येत नाही, त्याच ठरावात नवा चॅन्सलर बहुमतानं निवडावा लागतो. आजवर ते एकदाच जमलंय, 1982 ला, एफडीपी या छोट्या पक्षानं चॅन्सलर श्मिट यांना सोडून कोल यांना बसवलं तेव्हा.