कॅनन १५००डीवर पोर्ट्रेटसाठी दहा-बारा हजारांत कोणती लेन्स घ्यावी: ५० एमएम की ८५ एमएम?

तुम्ही विचारलंय की १५००डी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स जवळ आहे, घरातल्या माणसांचे, विशेषतः आजी-आजोबांचे पोर्ट्रेट काढायचेत, फोटो बहुतेक घरातच निघतील आणि बजेट दहा-बारा हजारांचं आहे. तर आत्ता ५० एमएम घ्यावी, की पैसे साठवून पुढे ८५ एमएम घ्यावी?

५० घ्या. कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते.) नवी घेतली तरी तुमच्या बजेटमध्ये बसते. ८५साठी थांबू नका असं मी सांगतेय ते फक्त पैशांमुळे नाही, तर तुमच्या खोलीमुळे.

'पोर्ट्रेट म्हणजे ८५च' हा सल्ला फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलाय आणि तिथे तो बरोबरच आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र लहान, म्हणजे एपीएस-सी आहे, आणि कॅननमध्ये त्याचा क्रॉप १.६ पट, म्हणजे दृश्य तेवढ्या पटीने कापलं जातं. त्यामुळे ५०ची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर फुल-फ्रेमवरच्या ८० एमएमइतकं दृश्य देते आणि ८५ची लेन्स १३६ एमएमइतकं. लोक ज्या ८५चं कौतुक करतात, ती तुमच्यासाठी जवळजवळ ५०च आहे.

आता हे खोलीत मोजून बघा. कॅमेरा उभा धरून माणसाचा कमरेपर्यंतचा फोटो घ्यायचा, तर ५०ने तुम्हाला साधारण दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट लांब उभं राहावं लागतं. तोच फोटो ८५ने घ्यायचा तर सव्वातीन-साडेतीन मीटर, म्हणजे अकरा फूट. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो ५०ने पंधरा फुटांवरून येतो, ८५ला पंचवीस फूट लागतात. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट, टीव्हीचं टेबल गेल्यावर अकरा फूट मोकळे कुठून आणणार? शिवाय आजीला मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसवायचं असतं, नाहीतर भिंत धूसर दिसतच नाही. ८५ घेतलीत तर घरात फक्त चेहऱ्याचे फोटो निघतील. आजीचे मांडीवर ठेवलेले हात, आजोबांची खुर्ची, हे सगळं फ्रेमबाहेर राहील.

यावर कुणी म्हणेल, मग ३५ घेऊन अजून जवळ जावं. तसं करू नये. चेहरा कसा दिसेल हे लेन्सवर नाही, तुम्ही किती अंतरावर उभे आहात यावर ठरतं. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटरवरून चेहरा आपण समोरासमोर बसून बघतो तसा दिसतो. ५० तुम्हाला आपसूकच त्या अंतरावर नेऊन उभं करते, आणि तेवढ्या अंतरावरून माणसाशी हळू आवाजात बोलताही येतं. कॅमेऱ्याची सवय नसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत या बोलण्याला फार किंमत आहे. पंचवीस फुटांवरून 'आजोबा, इकडे बघा' असं ओरडून काढलेल्या फोटोत आजोबा अवघडलेलेच दिसतात.

सगळे एफ/१.८चं नाव काढतात ते पार्श्वभूमी धूसर होते म्हणून. मला मात्र खरा फायदा प्रकाशाचा वाटतो. तुमची किट लेन्स ५५ला फार तर एफ/५.६ इतकी उघडते. एफ/१.८ला तिच्यापेक्षा नऊ-दहा पट जास्त प्रकाश आत येतो. ज्या खोलीत किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० लागत होता, तिथे आता ८००च्या आत काम होतं. ६४००वर या कॅमेऱ्यात दाणे येतात, कॅमेरा ते घालवायला जातो आणि त्यासोबत त्वचेचे बारकावेही जातात. सुरकुत्या, भुवयांचे पांढरे केस, नऊवारीच्या काठाची वीण, हे टिकायला हवं असेल तर आयएसओ खाली ठेवणं हाच मार्ग आहे. दिवसा खिडकीच्या बाजूला बसवून, घरातले दिवे बंद करून फोटो काढा. दुसऱ्या बाजूने पांढऱ्या थर्माकोलची शीट कुणालातरी धरायला सांगितली की सावलीतला गालही उजळतो.

एफ/१.८ आहे म्हणून सतत १.८वरच राहायचं असं मात्र नाही. दीड मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून जास्त असतं. मी चेहऱ्यासाठी एफ/२.८च्या आसपास राहते, तिथे ही पट्टी नऊ-दहा सेंटिमीटरची होते आणि मागचं तरीही छान विरघळतं. फोकस पॉइंट स्वतः निवडा, कॅमेऱ्यावर सोडू नका, आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. चष्मा असेल तर नीट तपासा, कारण कॅमेरा पुष्कळदा चष्म्याच्या दांडीवर फोकस करतो. शटरचा वेग १/१६० सेकंदापेक्षा संथ नको, कारण या लेन्सला किट लेन्ससारखं स्टॅबिलायझेशन नाही आणि बोलणारा माणूस हलतोही. फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा. या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूचा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढतानाचा फोकस फार संथ आहे.

फोटो घराबाहेर, अंगणात किंवा शेतात निघणार असते तर मी वेगळं उत्तर दिलं असतं: ५५-२५० एसटीएम ही झूम लेन्स, सेकंडहँड. १३५ एमएमच्या आसपास, पाच-सहा मीटरवरून ती लांबची झाडं जवळपास ५० एफ/१.८इतकीच धूसर करते. पण तिला भरपूर उजेड लागतो. घरात तिचा उपयोग नाही.

५० घेताना नाव अक्षर न् अक्षर वाचा. 'आरएफ ५० एमएम एफ/१.८' ही कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांची लेन्स आहे, ती तुमच्या कॅमेऱ्याला बसतच नाही. ऑनलाइन दोन्ही शेजारी दिसतात. सेकंडहँड बाजारात 'ईएफ ५० एमएम एफ/१.८ II' स्वस्तात मिळते. ती १९९०ची रचना: माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी) प्लास्टिकचा, अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) पाती पाच, फोकस आवाज करणारा. २०१५च्या एसटीएममध्ये माउंट धातूचा, पाती सात, आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. थोडे पैसे वाचवण्यासाठी जुनी घेऊ नका. पुढे कधी कॅननचा मिररलेस घेतलात तर ईएफ लेन्स अडॅप्टरने त्यावरही चालते, म्हणून हे पैसे वाया जात नाहीत.

सेकंडहँडच घ्यायची असेल तर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात फिरून या, पण मोबाइलचा टॉर्च सोबत ठेवा. लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. मुंबई-कोकणच्या हवेत ही अडचण नेहमीची आहे. तुमची स्वतःची लेन्सही पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, चामड्याच्या पिशवीत नको.

पैसे देण्याआधी एक गोष्ट फुकटात करून बघता येते. किट लेन्सची झूम रिंग ५०वर नेऊन तिथे चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर घरात तशीच वापरा. धूसरपणा मिळणार नाही, पण फ्रेम अगदी हीच मिळेल. सारखं मागे सरकावंसं वाटलं आणि मागे भिंत लागली, तर तुमच्या घराला ५०ही लांब पडतेय. मग ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८चा विचार करा, चेहऱ्याच्या अगदी जवळ न जाता.

आणि लेन्स हातात आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत फोकस तपासा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, टेबलावर तिरकी ठेवलेली मोजपट्टी एफ/१.८ला मधल्या पॉइंटने टिपा आणि मोठं करून बघा. ज्या आकड्यावर फोकस केला तोच स्पष्ट यायला हवा. दर वेळी पुढचा किंवा मागचाच आकडा स्पष्ट येत असेल तर लेन्स बदलून घ्या, कारण महागड्या कॅमेऱ्यांत असते तशी फोकस जुळवण्याची सोय १५००डीमध्ये नाही.