आवाज गाण्यावर चिकटवल्यासारखा का वाटतो?

प्रश्न : घरी संगणकावर मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करतो. वाद्यांचे ट्रॅक चांगले जमतात, पण त्यावर गायलेला माझा आवाज वेगळाच, वरून चिकटवल्यासारखा वाटतो. ईक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), डी-एसर (‘स’ची शिट्टी कमी करणारा), पिच करेक्शन (सूर दुरुस्ती), रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) सगळं लावून पाहिलं. अजून भारी कंडेन्सर माइक (स्टुडिओतला संवेदनशील माइक) घ्यावा का?

उत्तर : नको, इतक्यात तरी नको. जास्त संवेदनशील माइक तुमच्या खोलीचे दोषही जास्त बारकाईने टिपेल. आधी व्होकलवरचे सगळे प्लगइन (म्हणजे वरचे हे सगळे इफेक्ट) बंद करा आणि कोरडा आवाज ऐका. तो डब्यातून आल्यासारखा असेल, तर दुखणं मिक्सिंगच्या आधीचं आहे.

कार्डिऑइड माइक समोरचं टिपतो, पाठीमागचं बरंचसं टाळतो. त्याच्या समोर कोण असतं? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. तरीही लोक फोम लावतात तो माइकच्या मागे! जाड रजई तुमच्या पाठीमागे टांगा, भिंतीपासून थोडी पुढे. पातळ फोमवर माझा फारसा विश्वास नाही. तो वरच्या फ्रिक्वेन्सी शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज आणखी कोंदटतो.

मग अंतर. वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलात की कार्डिऑइड माइकमध्ये खर्ज आपोआप फुगतो. यालाच प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. ‘फिरून पुन्हा’ एवढे दोनच शब्द चार बोटांवरून आणि मग वीतभरावरून गाऊन पाहा. पहिल्यात ‘फि’ आणि ‘पु’ला हवेचा धक्का बसेल आणि स्वर जाड येईल. माइक तोंडाच्या अगदी रेषेत न ठेवता किंचित बाजूला घ्या, पॉप फिल्टर (हवेचा धक्का अडवणारी जाळी) लावा. गाताना मान पुढेमागे होत असेल तर दर शब्दाचा पोत बदलतो, आणि तो कुठल्याही ईक्यूने सरळ होत नाही. लेव्हल काठोकाठ भरू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सर्वांत मोठा स्वर मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुरे.

आता ज्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं ते : हेडफोन. कानात वाद्यं मोठी असली की गायक नकळत ओरडतो. स्वतःचा आवाज मोठा असला की तो पुटपुटतो आणि स्वराचा जोर जातो. तुम्हाला जो चिकटवलेपणा जाणवतो, त्यातला बराचसा इथे तयार होत असावा. वाद्यं थोडी खाली आणा, कानात जरासा रिव्हर्ब द्या (तो रेकॉर्ड करू नका) आणि एक कान अर्धा उघडा ठेवून गा. आवाज कानात उशिरा येत असेल तर इंटरफेसचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीचं) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे आवाज संगणकातून न फिरता थेट कानात येईल.

एवढं झालं की मिक्सिंगला फार काम उरत नाही. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं कापा. कोंदटपणा वाटला तर २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा, पण सोलोचं (एकच ट्रॅक ऐकवणारं) बटण न दाबता. वाद्यांशिवाय ऐकलेला देखणा आवाज वाद्यांत शिरला की हमखास उपरा वाटतो. कॉम्प्रेसरआधी मोठे-लहान शब्द हातानेच सारखे करून घ्या; मग ३:१ रेशो (मर्यादेवरचे तीन डेसिबल दाबून एक करणारा) आणि तीन-चार डेसिबलची कपात पुरते. ॲटॅक (कॉम्प्रेसर किती लवकर दाबू लागतो तो वेळ) फार जलद ठेवलात तर शब्दांचं तोंडच दबतं.

श्वास पुसून टाकू नका, फक्त पाच-सहा डेसिबल खाली घ्या. श्वासाशिवाय ओळ सुरू झाली की कानाला लगेच खटकतं. पिच करेक्शन सरसकट नको. मींड आणि आंदोलनाचे ते तुकडे पाडतं. चुकलेला एखादाच स्वर निवडून दुरुस्त करा, नाहीतर ती ओळ पुन्हा गा. मी बहुतेक वेळा दुसराच पर्याय सुचवतो. रिव्हर्बला २० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीची उसंत) द्या म्हणजे शब्द पुढे राहतील. आणि वाद्यांवर जो रिव्हर्ब आहे त्यातलाच थोडा आवाजालाही पाठवा. सगळे एकाच खोलीत बसलेत असं वाटायला हवं.

प्रश्न : तोच टेक (एकदा गाऊन रेकॉर्ड केलेला आवाज) कॉपी करून शेजारी ठेवला तर आवाज भरदार होतो का?

उत्तर : तंतोतंत कॉपी फक्त मोठी होते, ६ डेसिबलने. काही मिलिसेकंद सरकवलीत तर काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ येतो. बीटल्सना तेच गाणं दोनदा गायचा कंटाळा होता, म्हणून ॲबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या टेप मशीनचा वेग किंचित कमी-जास्त करून दुहेरी आवाज काढला. तिथे दोन आवाजांतलं अंतर सतत हलतं राहत होतं, म्हणून ते चाललं. तुम्ही सरळ दुसऱ्यांदा गा. तो टेक मुख्य आवाजापेक्षा आठ-दहा डेसिबल खाली ठेवा आणि त्यातले शब्दाअखेरचे ‘स’, ‘त’, ‘क’ पुसून टाका, म्हणजे ते दोनदा वाजणार नाहीत.