बर्ट जॅन्शमध्ये एवढं काय आहे आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की फोक, जॅझ आणि ब्लूज एकत्र आणणारा स्कॉटिश गायक-गीतकार अशी ओळख वाचून तुम्ही बर्ट जॅन्शची चार-पाच गाणी ऐकलीत, पण त्यात जॅझ काही सापडला नाही. एक माणूस तोंडातल्या तोंडात गातोय आणि गिटार वाजवतोय, बस. गाण्याच्या बाबतीत मी त्याची वकिली करणार नाही. शब्द गिळतो, आवाज कोरडा आहे, आणि श्रोत्यांना खूश करायची त्याला अजिबात घाई नाही. मला तेच आवडतं, पण ते सगळ्यांनाच आवडेल असं नाही.

जॅझ मात्र आहे. तुम्ही तो सॅक्सोफोनमध्ये शोधलात, तो त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. 1965 साली त्याच्याच नावाने आलेल्या पहिल्या अल्बममधली 'अँजी' ही धून हेडफोन लावून ऐका. मूळ रचना गिटारवादक डेव्ही ग्रॅहमची. खालच्या तारांवर खर्ज सा, कोमल नी, कोमल ध, पंचम असा उतरत राहतो आणि पुन्हा साला येतो. वर बोटं ब्लूजची वळणं घेतात. मग मध्येच हा पठ्ठ्या नॅट अ‍ॅडरलीच्या 'वर्क साँग'ची चाल आणतो, म्हणजे चक्क जॅझ बँडची चीज, आणि काही घडलंच नाही अशा थाटात परत मूळ धुनेवर येतो. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका: तार तो नुसती छेडत नाही, ओढून सोडतो, त्यामुळे ती गिटारच्या मानेवरच्या लाकडी पट्टीवर आपटून टणत्कार होतो. मऊसूत फोक गिटारची सवय असलेल्यांना हे आधी चूक वाटतं.

हा अल्बम ध्वनिमुद्रण करणाऱ्या बिल लीडरच्या लंडनमधल्या राहत्या जागेत टेपवर ध्वनिमुद्रित झाला. जॅन्शकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती, उसनी आणली होती. पुढे ट्रान्सअटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तो 100 पौंडांना विकत घेतला. जन्म ग्लासगोचा, 1943 चा, वाढला एडिंबरात. शाळा सुटल्यावर रोपवाटिकेत काम केलं आणि 'हाऊफ' नावाच्या फोक क्लबात जाऊन बसू लागला. तिथे त्याला गिटार शिकवणारी जिल डॉयल ही डेव्ही ग्रॅहमची सावत्र बहीण. म्हणजे 'अँजी' त्याच्याकडे जवळजवळ घरातूनच आली म्हणा ना. ब्लूज त्याने अमेरिकन ब्लूज गायक बिग बिल ब्रूंझीच्या रेकॉर्डवरून उचलला. तीन शैली समोर ठेवून त्यांचं मिश्रण करू या, असा काही बेत नव्हता. जे कानावर पडलं ते एकाच हाताने वाजवलं, इतकंच.

दुसरं ऐका 'ब्लॅकवॉटरसाइड', 1966 च्या 'जॅक ओरायन'मधलं. गाणं पारंपरिक, त्याला ते गायिका अ‍ॅन ब्रिग्जकडून मिळालं, पण गिटारची साथ पूर्णपणे त्याची. आता लेड झेपेलिन या रॉक बँडच्या 1969 च्या पहिल्या अल्बममधलं 'ब्लॅक माउंटन साइड' लावा. श्रेय त्यांचा गिटारवादक जिमी पेजच्या नावावर आहे. कान काय सांगतात ते तुम्हीच ठरवा. त्यात तबला आहे, तो विराम जसानी यांनी वाजवलाय. मला तबल्याचं कौतुक आहे, श्रेयाचं नाही.

बँड हवा असेल तर जॅन्शचाच पेंटँगल. गिटारवर जॅन्श आणि जॉन रेनबोर्न, गायिका जॅकी मॅक्शी, डबल बासवर डॅनी थॉम्पसन आणि ड्रमवर टेरी कॉक्स. शेवटचे दोघे जॅझ-ब्लूजमधून आलेले, त्यामुळे तुम्हाला हवा होता तो उघड जॅझ इथे भेटेल. 1968 च्या 'स्वीट चाइल्ड'मध्ये तर जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसच्या रचनाही आहेत. 1969 च्या 'बास्केट ऑफ लाइट'मधलं 'लाइट फ्लाइट' कधी पाच मात्रांत, कधी सातात चालतं, मध्ये सहात जातं. रूपक ऐकत वाढलेल्या कानाला याचं अप्रूप कमी वाटेल. इंग्लंडात मात्र हे बीबीसीच्या मालिकेचं शीर्षकगीत होऊन घराघरांत पोचलं.

पुढचे बरेच अल्बम घाईने ऐकायची गरज नाही. 1979 चा 'अ‍ॅव्होसेट' तेवढा सोडू नका: सगळ्या धुनांना पक्ष्यांची नावं, पहिलीच जवळपास 18 मिनिटांची, आणि गाणं अजिबात नाही. 'नीडल ऑफ डेथ' हे हेरॉइनने गेलेल्या मित्रावरचं गाणं पहिल्याच अल्बमात आहे. आपल्या 'अ‍ॅम्ब्युलन्स ब्लूज'मध्ये त्याची चाल उतरली हे गायक-गीतकार नील यंगने स्वतः कबूल केलंय, आणि 2010 मध्ये आपल्या दौऱ्यावर जॅन्शला सोबतही नेलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने जॅन्श गेला.

गिटार वाजवता का ते तुम्ही लिहिलं नाहीत. वाजवत असाल तर 'अँजी'पासून सुरू करा, ती नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये बसते. 'ब्लॅकवॉटरसाइड'साठी सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवा. 'ब्लॅक माउंटन साइड'मधलं पेजचं ट्यूनिंग वेगळं, डॅडगॅड (तारा जाडीकडून बारीककडे D-A-D-G-A-D). त्यामुळे धडा निवडताना तो कोणाचा आहे ते आधी बघून घ्या.