नळाला येणारं पाणी किती गरम असावं?

वृद्धाश्रमांच्या जुन्या इमारतींविषयी आलेले तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २४ जण राहतात. गच्चीवर ५०० लिटरचे दोन ट्यूबवाले सोलर आहेत. मे महिन्यात एका आजींच्या पावलावर गरम पाणी पडून फोड आले. सोलरचं पाणी कमी तापेल अशी सोय करता येईल का? (व्यवस्थापिका, सातारा)

उत्तर : टाकीत तापू द्या, नळाशी आवरा. उन्हाळ्यात ट्यूबवाल्या सोलरचं पाणी सहज ८० अंशांच्या पुढे जातं. ६० अंशांचं पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. उतारवयात कातडी पातळ झालेली असते. त्यात मधुमेहाने पाय बधिर असतील, तर चटका कळायच्या आत फोड आलेला असतो. बादलीत आधी गरम सोडायचं आणि मग विसण घालायचं, ही आपली सवय. अपघात होतो तो नेमका विसण घालायच्या आधी.

प्रत्येक न्हाणीघरात गरम आणि गार पाईप जिथे एकत्र येतात तिथे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार मिसळून ठरवलेल्या तापमानाचंच पाणी सोडणारा) बसवा आणि ४१ ते ४३ अंशांवर लावून त्याची टोपी घट्ट करा. बादलीवरचा जुना गरम नळ काढून तिथे प्लग मारा. तो राहिला तर सगळा खर्च वाया जाईल, कारण सवयीने हात तिकडेच जातो.

गच्चीवर एकच मोठा व्हॉल्व्ह बसवला की काम भागेल, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. मग खालपर्यंतच्या सगळ्या पाइपांत कोमट पाणी साचून राहतं आणि २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला हा जीवाणू वाढतो. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. १९७६ साली फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लिजन’ या निवृत्त सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात ही साथ आली, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. म्हणून टाकी ६० अंशांवर हवी. पावसाळ्यात सोलर ३५ अंशांवर अडकला की टाकीतला हीटर लावा. ५०० लिटर पाणी ३५ वरून ६० वर न्यायला साधारण साडेचौदा युनिट लागतात, म्हणजे ३ किलोवॅटच्या हीटरला पाच तास. रिकाम्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सोडून ठेवा.

व्हॉल्व्ह घेताना दाबाकडे बघा. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. बाजारातल्या बऱ्याच व्हॉल्व्हना त्याहून जास्त लागतो, तेव्हा कमी दाबावर चालणाराच मागा. वरच्या मजल्यासाठी पंप लावायचा झाला तर गरम आणि गार दोन्ही लाइनींना लावा. हवेच्या पाइपाचा साधा सोलर असेल तर गरम लाइनीचा पंप सोलरच्या टाकीनंतरच हवा. आधी लावला तर त्या टाकीला दाब झेपत नाही. दोन्ही पाइपांवर जाळी आणि एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) घाला. एनआरव्ही नसेल तर जास्त दाबाचं गार पाणी व्हॉल्व्हमधून गरम लाइनीत शिरतं. मग इमारतभर कोमट पाणी येतं आणि दोष सोलरच्या माथी मारला जातो.

बसवून झाल्यावर नळ चालू ठेवून गार पाण्याचा कॉक बंद करा. काही सेकंदांत धार थांबली पाहिजे. गरम पाणी येतच राहिलं तर व्हॉल्व्ह नापास. ही परीक्षा दर सहा महिन्यांनी घ्या, बोअरचं पाणी असेल तर दर तीन महिन्यांनी. आतल्या भागावर क्षारांचा पांढरा थर बसला की तो भाग हलत नाही. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवला की मोकळा होतो.

प्रश्न : पावसाळ्यात ईएलसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो. खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, म्हणून वायरमन तो काढून टाकू म्हणतो. काढावा का? (विश्वस्त, सांगली)

उत्तर : मुळीच काढू नका. ओल्या न्हाणीघरात जीव वाचवणारा तोच ३० मिलिअँपियरचा डबा आहे. अख्ख्या इमारतीला एकच असला की प्रत्येक गीझरची थोडी थोडी गळती जमून तो पडतो. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे स्विच) पाडून ईएलसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. कुठल्या एमसीबीवर पडतो ते कळेल. सगळे बंद असतानाही पडला तर गळती न्यूट्रलमध्ये आहे. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून मेन बंद करून न्यूट्रलच्या वायरी एकेक सोडवून बघाव्या लागतात. कायमचा उपाय म्हणजे गीझर आणि खोल्या यांना वेगवेगळे आरसीबीओ, म्हणजे ईएलसीबी आणि एमसीबी एकाच डब्यात. तसं करताना दोन सर्किटांना एकच न्यूट्रल ठेवला तर भार पडताच दोन्ही पडतील.

कॉन्सन्ट्रेटरला स्वतःचा आरसीबीओ आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर द्या. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट घेतं. १५० एएचच्या एका बॅटरीवर तीनेक तासच धरून चाला. शेजारी रेग्युलेटर लावलेला बी टाइप सिलिंडर ठेवा. त्यात १५०० लिटर असतात, मिनिटाला २ लिटरच्या हिशेबाने बारा तास.

प्रश्न : न्हाणीघरात ओढायच्या दोरीची घंटा बसवली. तरीही पडलेल्या आजोबांना ती वाजवता आली नाही. (काळजीवाहक, नाशिक)

उत्तर : दोरी फरशीपासून १० सेंटिमीटरवर संपली पाहिजे. पोचा मारताना भिजते म्हणून ती वर गाठ मारून ठेवली जाते. सुती दोरीऐवजी नायलॉनची लावा, म्हणजे तो प्रश्नच राहणार नाही. रोज सकाळी खाली बसून ती हाताला लागते का ते बघा. दारही तपासा. आत उघडणारं दार पडलेल्या माणसाच्या अंगानेच अडतं. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करा आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवा.