अळूची खाज, दुधीची गळ, मिरचीचा चुरडामुरडा : परसबागेची प्रश्नोत्तरं

पावसाळ्यात वाचकांची सर्वाधिक पत्रं येतात ती अळू, वेलभाज्या आणि मिरचीबद्दल. या अंकात त्यांतलीच निवडक.

प्रश्न : घरच्या अळूची वडी केली की घशाला खाज सुटते. बाजारातल्या पानांनी तसं होत नाही. आमचा अळू रानटी निघाला का? पानांवर तपकिरी गोल डागही पडतात.
*एक वाचक, चिपळूण*

उत्तर : रानटीच असेल असं नाही. प्रत्येक अळूच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. कोणत्या अळूत जास्त, कोणत्यात कमी, एवढाच फरक. आपल्याकडे काळ्या-जांभळ्या देठाचा अळू वडीसाठी आणि हिरव्या देठाचा फदफद्यासाठी, म्हणजे पातळ भाजीसाठी लावतात. तुमच्या अळूचे देठ हिरवे असतील तर त्याची वडी करायचा हट्ट सोडा, फदफदं करा. कोकणात पावसाळ्यात आपोआप उगवणारं तेरं त्याहूनही खाजरं. ते आंबाडे किंवा भरपूर आमसुलं घातल्याशिवाय कुणी शिजवत नाही, यातच खाजेवरचा उपाय आला : आंबट हवं आणि शिजणं पुरेपूर हवं.

वडीसाठी पूर्ण उघडलेलं पण कोवळं पान घ्या. जून, चामड्यासारखं पान नको आणि गुंडाळी न सुटलेलंही नको. हाताला तेल लावा, पान पालथं घालून मागची जाड शीर सुरीने तासून काढा आणि लाटणं फिरवा. मध्यम आकाराच्या 8-10 पानांना दीड वाटी बेसन, 2 चमचे तांदळाचं पीठ आणि लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ लागतो. गूळ, तिखट, तीळ, मीठ चवीप्रमाणे. बऱ्याच घरी चुकतं ते इथेच : चिंच चवीपुरती घातली जाते. बेसन कालवल्यावर बोटावर चाखून बघा, आंबटपणा जरा जास्तच वाटला पाहिजे. पीठ पानाच्या शिरांच्या बाजूला लावायचं, पातळ आणि कडेपर्यंत. पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी केली की झाला उंडा. तो 20-25 मिनिटं वाफवा. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी बाहेर आली की झालं. आतला थर कच्चा राहिला तर तळूनही खाज जात नाही, कारण तळताना उष्णता बाहेरच्या वेटोळ्यांनाच लागते. आणि उंडा पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, गरम उंड्याच्या चकत्या सुटतात.

फदफद्यात चुक्याची एक लहान जुडी घातली की चिंच कमी लागते. चणाडाळ आणि शेंगदाणे आधी 2-3 तास भिजवून पानांबरोबरच कुकरला लावा, मग रवीने घोटून बेसन लावा. फोडणीत मेथीचे चार दाणे विसरू नका.

आता डाग. पावसात पानावर पाण्याने भिजल्यासारखा गोल ठिपका दिसतो आणि तपकिरी होत पसरतो, तो करपा. तो ओल्या पानावर आणि दाटीत वाढतो. डागाळलेली पानं देठासकट कापून बागेबाहेर टाका, खतात नको. दोन कंदांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा आणि पाणी मातीत घाला, पानावर नको. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी अळूला उत्तम, भांड्यांच्या साबणाचं मात्र रोज नको. पानं काढताना बाहेरची काढावीत आणि मधली दोन-तीन नेहमी राखावीत. सगळी ओरबाडली की पुढची पानं तळहाताएवढीच येतात.

प्रश्न : गच्चीवर ड्रममध्ये दुधी लावला आहे. फुलं खूप येतात, पण बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो. एक मोठा झाला तो कडू निघाला. शिजवल्यावर कडवटपणा जातो का?
*एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तो जिवाशी खेळ आहे. कडू दुधी खाऊ नका. शिजवून नको आणि रस काढून तर मुळीच नको. त्यातलं कुकरबिटासिन हे विषारी द्रव्य शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटीसुद्धा झाल्याची आणि माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. सवय अशी लावून घ्या : दुधी कापला की देठाकडचा एक छोटा तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकायचा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा. चुकून पोटात गेला आणि मळमळ सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. त्या वेलाचं बीही ठेवू नका.

आता गळ. वेलावर दोन तऱ्हेची फुलं असतात. लांब, बारीक देठावरचं नर. ज्याच्या मागे केसाळ, इवलासा दुधी चिकटलेला असतो ते मादी. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलं येतात, त्याची काळजी नको. मादी फुलाला पराग मिळाला नाही तर मागचा दुधी दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळा पडून गळतो. तुमच्याकडे तेच होतंय. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. त्यावर रात्री येणारे पतंग उंच इमारतीच्या गच्चीवर फारसे पोचत नाहीत, आणि तुम्ही सकाळी बघायला जाता तोवर फूल मिटायला आलेलं असतं.

म्हणून दिवेलागणीच्या सुमारास गच्चीवर जा. ताजं उमललेलं नर फूल खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलक्या हाताने फिरवा. गड्ड्यावर पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. एका नर फुलात दोन माद्या होतात. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो आणि दुधी खाली झुकतो.

मादी फुलं वाढवायला थ्री-जी कटिंग करतात. मुख्य वेलाला 8-10 पानं झाली की शेंडा खुडायचा. बगलेतून फुटलेल्या फांद्यांना 10-12 पानं आली की त्यांचेही शेंडे खुडायचे. तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. मात्र हे 50 लिटरच्या पुढच्या ड्रमलाच परवडतं. छोट्या कुंडीत फांद्या वाढवल्या की मुळं पुरी पडत नाहीत, मग पराग मिळालेली फळंही गळतात.

वीतभर वाढलेला दुधी एका बाजूने वाकडा झाला, त्यावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आणि चिकट थेंब दिसला तर ती फळमाशी. आत अळ्या असतात. पराग मिळाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच फळाला कागदी पिशवी किंवा जुन्या सुती कापडाची सैल थैली बांधा. किडलेली फळं नुसती मातीवर टाकू नका. अळ्या मातीत कोष करतात आणि माश्या होऊन परत येतात. ती घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत आठवडाभर उन्हात ठेवा.

साधारण दोन आठवड्यांत दुधी काढणीला येतो. सालीत नख सहज रुतलं तर काढा, न रुतलं तर उशीर झाला. घरच्या दुधीची साल टाकू नका. बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता. मग त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं आणि हिरवी मिरची घालून जाडसर कुटा. चटणी भाकरीबरोबर खा.

प्रश्न : मिरचीची पानं आकसून वळली आहेत. ताक घातलं, हळद घातली, काही उपयोग नाही.
*एक वाचक, सांगली*

उत्तर : हा चुरडामुरडा. औषध ठरवण्याआधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते पाहा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान अरुंद आणि देठ लांबट झाला असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड). आणि नवीन पानं बारीक, सुरकुतलेली, गुच्छासारखी येऊन झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, ते झाड उपटलेलंच बरं.

पांढऱ्या कागदावर शेंडा टिचकीने झटका. मिलिमीटरभर लांबीचे पिवळट, काडीसारखे जीव सरपटताना दिसले की ते फुलकिडे. कोळी इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही.

दोन्हींत आधी वाकडे शेंडे दोन-तीन इंच कापून पिशवीत बंद करा आणि पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारा. फुलकिड्यांसाठी 1 लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिली पातळ साबण घ्या. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि पानांवर डाग पाडतं. आधी साबण थोड्या कोमट पाण्यात मिसळा, त्यात तेल घालून दुधासारखं होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी ओता. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. 5-7 दिवसांनी पुन्हा, असं तीन वेळा. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं गंधक 1 लिटरला 2 ग्रॅम. तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. कडक उन्हाच्या दिवसांत गंधक नकोच.

वळलेली जुनी पानं सरळ होत नाहीत. नवी फूट सरळ आली की गुण आला असं समजा.

प्रश्न : कढीपत्त्याला हिवाळ्यात पानंच राहत नाहीत.
*एक वाचक, नाशिक*

उत्तर : नाशिकच्या थंडीत तो विश्रांती घेतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करा, खत देऊ नका, कुंडी बदलू नका. फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे छाटून दोन मुठी शेणखत द्या. पानं एकेक ओढून न काढता टोकाकडची डहाळी कापा, खालून दोन फुटवे येतात.

प्रश्न : आमच्या घरात ऊन येत नाही, बाग करता येत नाही. बघण्यासारख्या बागा सुचवाल का? तिथे जाऊन नेमकं बघायचं काय?
*एक वाचक, दादर*

उत्तर : तुमच्या जवळ भायखळ्याची राणीची बाग आहे. बुधवारी ती बंद असते. लोक प्राण्यांपाशी थांबतात, तुम्ही झाडांपाशी थांबा. तिथली उर्वशी जरूर शोधा. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबतात. पण फुलं नसली तरी तिची कोवळी पालवी पाहा : तांबूस, मऊ, मरगळल्यासारखी खाली लोंबणारी. आंब्याची आणि सीताअशोकाची पालवीही अशीच येते. घरी आंब्याच्या कलमाची अशी पालवी बघून लोक घाबरतात आणि कुंडी पाण्याने भरतात. ती तहान नव्हे. काही दिवसांत पान हिरवं, ताठ होतं. हे एकदा मोठ्या झाडावर पाहिलं की विसरत नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथे गोलाकार छाटलेली झुडपं वाकून, खालून बघा. छाटणी खाली रुंद, वर अरुंद ठेवली तरच खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. घरच्या कुंपणाच्या मेंदीला नेमकं उलटं होतं, म्हणून ती खालून उघडी पडते. जानेवारीत 26 तारखेच्या आसपास एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून रोप घेताना बहराला भुलू नका. पानं उलटी करून बघा आणि पिशवीच्या तळातून मुळांचं वेटोळं बाहेर आलेलं असेल तर ते रोप ठेवून द्या.

प्रश्न : न्यू जर्सीत अळू लावता येईल का?
*एक वाचक, एडिसन*

उत्तर : येईल, पण उन्हाळ्यापुरता. भारतीय दुकानातून कडक, न सुकलेल्या, डोळे फुगलेल्या अरवी (अळूचे कंद) आणा. एप्रिलच्या सुरुवातीला घरात, खिडकीच्या उबेला, ओलसर कोकोपीटमध्ये दोन इंच खोल लावा. मेच्या मध्यानंतर थंडीची भीती सरली की 20 लिटरच्या टबात बाहेर काढा. टबाला भोक तळाला नको, तळापासून दोन इंच वर पाडा, म्हणजे खाली ओल टिकते. अरवीच्या जातीची पानं खाजरी असू शकतात, तेव्हा वरचं चिंचेचं माप कमी करू नका. ऑक्टोबरमध्ये पहिल्या हिमाआधी पानं कापा, कंद काढून आठवडाभर सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत कोरड्या जागी ठेवा. शेवटच्या तोडणीच्या पानांचे उंडे वाफवून, गार करून, कागदात गुंडाळून फ्रीझरला ठेवले तर दोन-तीन महिने टिकतात. अर्धवट गोठलेले असतानाच चकत्या करा, सुटत नाहीत.