जुन्या बाजारात दिसलेला जर्मन वायुदल अधिकाऱ्याचा कोट खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नोकरीसाठी जर्मनीत आहात. रविवारच्या जुन्या बाजारात तुम्हाला निळसर राखाडी रंगाचा, चार खिशांचा, समोर चार बटणांचा कोट दिसला. कॉलरवर पिवळ्या पट्ट्या आणि त्यांवर तीन पक्षी, खांद्यावर एक चांदणी, उजव्या बाहीवर ‘क्रेटा’ लिहिलेली पट्टी. विक्रेता म्हणतो, दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाचा आहे, 900 युरो. तुमच्याकडे फोटो तीनच आहेत आणि आतल्या बाजूचा एकही नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च कामी येईल का, असंही तुम्ही विचारलंय.

जेवढं लिहिलंय त्यावरून माझं मत सांगतो. कोट खरा असू शकतो, पण त्यावरचा सगळा साज त्याचा नाही. विक्रेत्याची गोष्ट बाजूला ठेवा आणि कोट वाचा.

पहिली गफलत हुद्द्याची. लुफ्तवाफेत, म्हणजे जर्मन वायुदलात, अधिकाऱ्याचा हुद्दा कॉलर आणि खांदा अशा दोन ठिकाणी दिसतो आणि दोन्ही ठिकाणी तो एकच असावा लागतो. कॉलरवर ओकच्या पानांची अर्धी महिरप आणि एक पक्षी म्हणजे लॉयटनंट, दोन म्हणजे ओबरलॉयटनंट, तीन म्हणजे हाउप्टमन. खांद्यावर मात्र लॉयटनंटला चांदणीच नसते, ओबरलॉयटनंटला एक सोनेरी चांदणी, हाउप्टमनला दोन. मेजरपासून पुढे कॉलरवर पानांचं पूर्ण वर्तुळ येतं आणि खांद्यावरची सरळ चंदेरी दोरी वेणीसारखी गुंफलेली होते. तुमच्या कोटाची कॉलर हाउप्टमन म्हणते आणि खांदा ओबरलॉयटनंट. चांदणी गळून पडली असेल तर पट्टीवर तिच्या पिनेचं भोक राहतं, ते शोधा. भोक नसेल तर खांदा एका कोटाचा आणि कॉलर दुसऱ्याची.

दुसरी गोष्ट पिवळ्या रंगाची. पिवळं म्हणजे वैमानिक, असं विक्रेते सर्रास सांगतात. तो रंग उड्डाण शाखेचा होता. त्यात विमानाला कधी हात न लावलेला, तळावर कागद सांभाळणारा अधिकारीही आला, आणि छत्रीधारी सैनिकही आले. विमानविरोधी तोफखान्याला लाल, संदेश विभागाला सोनेरी तपकिरी, डॉक्टरांना गडद निळा, जनरल मंडळींना पांढरा. खांद्यावरच्या पट्टीखाली याच रंगाचं कापड डोकावतं. कॉलर पिवळी आणि खांद्याखाली लाल दिसलं, तर पुढे बघायचीही गरज नाही. वैमानिक होता की नाही हे डाव्या छातीवरच्या वैमानिक बिल्ल्यावरून, किंवा तो जिथे अडकवायचे त्या दोऱ्याच्या नाक्यांवरून कळतं.

तिसरी ती ‘क्रेटा’ पट्टी. क्रीट बेटावरचा हल्ला मे 1941 मधला, पण त्यात भाग घेतलेल्यांसाठी ही पट्टी ऑक्टोबर 1942 मध्ये सुरू झाली आणि ती डाव्या बाहीवर लावायची असे. उजव्या बाहीवर पथकांच्या नावाच्या पट्ट्या असत, उदाहरणार्थ ‘रिश्टहोफेन’ लढाऊ पथकाची. तुमच्या कोटावर ‘क्रेटा’ उजवीकडे आहे, म्हणजे ती शिवणाऱ्याला नियम ठाऊक नव्हता. युद्धकाळातल्या लष्करी शिंप्याकडून हे होणं मला तरी पटत नाही.

असं का होतं ते समजून घेतलं की अर्धी फसवणूक टळते. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी जुना गणवेश आहे तसा घालायला बंदी केली. कापडाची टंचाई होती, त्यामुळे लोकांनी छातीवरचं गरुडाचं चिन्ह आणि पट्ट्या उसवल्या, कुणी कोट रंगवून घेतला आणि वर्षानुवर्षं वापरला. असे उघडे कोट आजही घराघरांतून निघतात. उघड्या कोटाला भाव कमी, बिल्ल्यांसकट कोटाला कितीतरी जास्त, आणि ‘क्रेटा’ किंवा वैमानिक बिल्ला असला तर आणखी चढा. मग जुन्या पैठणीचे काठ उसवून दुसऱ्या साडीला लावतात तसा इकडचा तिकडचा साज एका कोटावर चढतो. प्रत्येक तुकडा अस्सल असतो आणि पूर्ण वस्तू खोटी. नवशिक्यांना नेमकी हीच फसवणूक कळत नाही, कारण ते एकेक बिल्ला भिंगाखाली बघतात आणि तो खरा निघाला की खूश होतात. म्हणून क्रम उलटा ठेवा: कापड, अस्तर आणि शिलाई आधी, बिल्ले सगळ्यात शेवटी.

आता आतली बाजू. पुढच्या रविवारी गेलात तर कोट हातात घेऊन उजवा-डावा आतला खिसा उलटा करा. साध्या सैनिकाला कोट सरकारी कोठारातून मिळे, त्यामुळे अस्तरावर मापांचे आणि वस्त्र-कार्यालयाचे शिक्के असत. अधिकारी भत्त्यातून स्वतःचा गणवेश शिवून घेत, खासगी शिंप्याकडून किंवा वायुदलाच्या स्वतःच्या विक्री विभागाकडून. त्यामुळे तिथे शिक्क्यांऐवजी शिंप्याची चिठ्ठी असते: दुकानाचं नाव, गाव, आणि बरेचदा शाईने लिहिलेलं गिऱ्हाइकाचं नाव व तारीख. खऱ्या कोटावरची सर्वात मोलाची गोष्ट हीच, बाहेरच्या गरुडापेक्षाही.

चिठ्ठीवरचा पत्ता नीट वाचा. गावाच्या नावाआधी चार आकडी पिनकोड असेल तर ती 1961 नंतरची, पाच आकडी असेल तर 1993 नंतरची. हे इतकं सोपं आहे की हसू येतं, पण नकली चिठ्ठ्या करणारे इथेही सापडतात. धुण्याच्या सूचनांची चित्रं असलेली शिवलेली पट्टी दिसली तर कोट सरळ खुंटीला परत अडकवा. हस्ताक्षरही बघा. त्या पिढीतले अनेक जण जुनी टोकदार जर्मन लिपी शाळेत शिकलेले होते. 1941 मध्ये सरकारनेच ती बंद केली, पण लिहिणाऱ्यांचे हात लगेच बदलले नाहीत. आजच्या धाटणीचं ठसठशीत नाव आणि त्यावर ताजी काळी शाई दिसली की मी तरी सावध होतो. उलट फिकट तपकिरी पडलेली, अस्तराच्या धाग्यांत मुरलेली शाई बघायला फार छान वाटतं.

चिठ्ठीची तारीख बाहेरच्या गोष्टींशी ताडून बघा. 1936 च्या कोटावर 1942 चा बिल्ला चालतो, कारण अधिकारी चांगला शिवलेला कोट वर्षानुवर्षं वापरत. याच्या उलट मात्र खटकतं. छातीवरच्या गरुडाची अगदी सुरुवातीची, शेपूट खाली झुकलेली आवृत्ती 1937 च्या सुमारास बदलली. ती 1942 च्या चिठ्ठीच्या कोटावर बसली असेल तर कुणीतरी उशिरा आणून बसवली.

मग शिलाई. अधिकाऱ्यांचा गरुड उजव्या छातीवर, ॲल्युमिनियमच्या तारेने हाताने भरलेला, म्हणजे अक्षरशः जरीकाम. तो निळसर राखाडी लोकरी तुकड्यावर भरून मग कोटावर टाके घालून बसवत. टाके आतून अस्तरापर्यंत आलेत का ते बघा. शिंपी बहुधा अस्तर लावायच्या आधी गरुड बसवे, त्यामुळे आत टाके दिसत नाहीत. दिसले तर गरुड नंतर बसवलाय. तेवढ्यावरून तो नकली ठरत नाही, पण का बसवला याचं उत्तर विक्रेत्याकडे असायला हवं. गरुडाची कड किंचित उचलून खालचं कापड बघा. ऐंशी वर्षं झाकलेलं कापड आजूबाजूपेक्षा गडद राहतं, आणि त्या गडद ठशाचा आकार गरुडाशी जुळायला हवा. कॉलरपट्टीखालीही तेच. बढती मिळालेल्या अधिकाऱ्याच्या कॉलरवर आधीच्या पट्टीच्या टाक्यांची भोकं राहतात. ती मला आवडतात, कारण त्यांतून माणसाची नोकरी पुढे सरकलेली दिसते. कॉलरच्या कडेला अधिकाऱ्यांसाठी चंदेरी पिळाचा गोट असतो, जनरलांना सोनेरी.

डाव्या छातीवर बिल्ल्यांसाठी दोऱ्याची बारीक नाकी असतात. बिल्ल्याची पिन त्या नाक्यांत सहज बसली पाहिजे. नाकी एका अंतरावर आणि पिन दुसऱ्याच लांबीची असेल, तर बिल्ला कालपरवा लावलाय. डाव्या खालच्या खिशाच्या झडपेखाली खंजीर लटकवायची फट असते, तीही बघा. बटणं खडबडीत पोताची, चंदेरी, आणि युद्ध लांबलं तसा त्यांवर राखाडी रंग येत गेला. पूर्ण चकचकीत संच दिसला तर बटणं बदललेली असण्याची शक्यता धरा.

यूव्ही टॉर्चबद्दल तुम्ही विचारलंय. खिशात ठेवा, पण तिला न्यायाधीश करू नका. धागा निळाजांभळा झगमगला तर तो बहुधा युद्धानंतरचा, कारण पॉलिएस्टर धागा बाजारात आला तोच नंतर. पण कोट 1970 मध्ये कुणी आधुनिक साबणाने धुतला असेल तर अस्सल अस्तरही चमकतं. म्हणून सगळं कापड सारखं चमकतंय की फक्त पट्ट्यांचा धागा, हे बघायचं. फक्त ‘क्रेटा’ पट्टीचे टाके चमकले तर उत्तर मिळालंच.

रंगाच्या साम्यावरून विकले जाणारे इतर कोटही ध्यानात ठेवा. हवाई हल्ल्यापासून बचावाचं काम करणाऱ्या नागरी संघटनेचा गणवेश, आणि नाझी पक्षाच्या उड्डाण दलाचाही, निळसर राखाडीच होता. 1956 पासूनच्या पश्चिम जर्मन वायुदलाने कॉलरचा पिवळा रंग ठेवला, पण तिथे लॉयटनंटलाच एक चांदणी, ओबरलॉयटनंटला दोन आणि हाउप्टमनला तीन. तुमच्या खांद्यावरची पट्टी तिथली तर नाही, हे म्हणूनच तपासा. शिवाय चित्रपटांसाठी शिवलेले कोट भरपूर फिरतात. त्यांची बाहेरची बाजू देखणी असते आणि आत सगळी काटकसर. पहिल्या महायुद्धाचा ‘हवाई दलाचा गणवेश’ म्हणून कुणी काही दाखवलं तर लक्षात असू द्या की तेव्हा वैमानिक अधिकारी आपापल्या मूळ रेजिमेंटचाच पोशाख घालत. त्या युद्धातला नामांकित वैमानिक रिश्टहोफेन स्वतः घोडदळातला होता आणि उहलान, म्हणजे भालाइत घोडेस्वारांच्या, पोशाखातच दिसतो.

कायद्याचं थोडं स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे याकडे गंमत म्हणून बघितलं जातं. गरुडाच्या पंजात नाझी चिन्ह आहे. जर्मनीत असा कोट घरी बाळगणं गुन्हा नाही, पण ते चिन्ह सार्वजनिक दाखवणं दंडसंहितेच्या कलम 86अ खाली येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. संशोधन, शिक्षण अशांना सूट आहे. व्हॉट्सॲप स्टेटसला किंवा कोट अंगात घालून काढलेल्या सेल्फीला ती लागू होईल असं समजू नका. बाजारात विक्रेते चिन्हावर कागद चिकटवतात ते याचसाठी. पुढे भारतात न्यायचा विचार असेल तर वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, आधी कस्टमच्या जाणकाराला विचारा.

विकत घेण्याआधी एकदा बर्लिनच्या गाटोव इथल्या जुन्या विमानतळावरच्या लष्करी इतिहास संग्रहालयात जाऊन या. काचेमागचा का होईना, खरा कोट शांतपणे बघितला की कापडाचा पोत डोळ्यांत बसतो, आणि तो कुठल्याही फोटोतून बसत नाही.

चिठ्ठीवर नाव सापडलं तर जर्मन केंद्रीय अभिलेखागाराला, म्हणजे बुंडेसआर्किव्हला, अर्ज करता येतो. बर्लिनमधली सैनिकांची नोंद ठेवणारी जुनी कचेरी 2019 पासून त्यांच्याचकडे आहे, आणि लष्करी कागद फ्रायबुर्गला. उत्तर यायला महिने लागतात. तोवर विक्रेता थांबणार नाही, हेही खरं.

900 युरो मी देणार नाही. आत शिंप्याची जुनी चिठ्ठी असेल, कापडावर गरुडाचा ठसा जुळत असेल, तर ‘क्रेटा’ पट्टी आणि खांद्याच्या पट्ट्या वगळून फक्त कोटाची किंमत किती, असं विचारा. तो म्हणाला की सगळं एकत्रच विकायचंय, तर सोडून द्या. आणि आतल्या खिशाचा, कॉलरच्या खालच्या बाजूचा, गरुडामागच्या अस्तराचा फोटो मिळाला तर इथेच टाका, गरुडावर बोट ठेवून चिन्ह झाकलेलं असू द्या. मग नक्की काय ते सांगतो.